भविष्याची जाडी

भविष्य चांगलं असावं, लवकर यावं, जमलं तर त्यात एखादी परदेशवारी असावी, अशा अपेक्षा माणसं पूर्वीपासून करत आली आहेत. पण भविष्य किती जाड असावं याची चिकित्सा करणारं माणूस मला माझ्या भाचीच्या रूपाने भेटलं. ती टॅरोचे पत्ते वाचते. ज्या कपाटात तिच्या आजीच्या पोथ्यांची थप्पी असे, त्याच कपाटात आता टॅरोच्या कॅटांची थप्पी आहे. त्यांना गुंडाळायचं लाल फडकं मात्र पोथ्यांचंच. नवा कॅट घरी आला की ती आधी चित्रं पाहत नाही. डोळे मिटून गठ्ठा डाव्या तळव्यावर घेते, उजवा अंगठा त्याच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत अलगद फिरवते, दोन भाग करून ते एकमेकांत घुसवून बघते आणि निकाल देते, "मामा, दिसायला देखणा आहे, पण अंगाने फार जाड आहे रे हा. याच्याशी माझं जमायचं नाही." स्थळ नाकारण्याची इतकी निर्मळ रीत आमच्या घराण्यात याआधी कुणी दाखवलेली नाही.

तिच्या नाकारण्यामागे साधं अंकगणित असतं. टॅरोच्या कॅटात पानं 78. आपल्या नेहमीच्या पत्त्यांचं एक पान साधारण 0.3 मिलिमीटर जाड असतं, म्हणून 52 पानांचा गठ्ठा दीड सेंटिमीटरच्या आसपास भरतो आणि मुठीत मावतो. त्याच कागदावर टॅरो छापला तर गठ्ठा 23.4 मिलिमीटर होतो. छापणाऱ्याच्या मनात औदार्य दाटून आलं आणि त्याने पान 0.4 मिलिमीटरचं केलं, तर तोच गठ्ठा 31.2 मिलिमीटरवर जातो. मिलिमीटरचा एक दशांश म्हणजे एखाद्या जाड केसाएवढी गोष्ट. पण ती 78 वेळा एकावर एक रचली की बोटांना घाट चढावा लागतो. त्यात टॅरोचं पान उंच, साधारण 12 सेंटिमीटर, आणि रुंदीला 7. लहान चणीच्या बाईने असा गठ्ठा पिसायला घेतला की ती भविष्य पाहते आहे की कुणाचं बिऱ्हाड हलवायला मदत करते आहे, असा प्रश्न पडतो. शौकीन मंडळी या विषयावर तासन्‌तास बोलू शकतात. एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरेल, त्या आकड्याला ते जीएसएम म्हणतात, आणि 300, 350, 400 असे आकडे इतक्या हळुवार आवाजात उच्चारतात, की अमुक बुवांचा षड्ज काळी एकचा की काळी दोनचा, यावर मध्यरात्रीपर्यंत रंगणारे जुने रसिक आठवावेत.

पान जाड की पातळ यावर पिसण्याची रीत ठरते, आणि पिसण्याच्या रीतीवर समोरच्याचा धीर. पातळ, लवचिक पानांचे दोन भाग करून कोपऱ्यांवर अंगठे दाबले की ती फर्रर्र करत एकमेकांत शिरतात. देवळाच्या शिखरावरून कबुतरांचा थवा उठावा तसा तो आवाज. तो ऐकला की उगाचच वाटतं, आपल्याही आयुष्यात काहीतरी उडायच्या बेतात आहे. जाड पानांना हा उत्साह मान्य नसतो. ती वाकत नाहीत. ती थोडी थोडी करून एका हातातून दुसऱ्या हातात, मान राखून, सोडावी लागतात. पर्सी डायकोनिस नावाचे एक गणिती आहेत. चौदाव्या वर्षी घर सोडून ते डाय व्हर्नन या हातचलाखीच्या उस्तादाबरोबर फिरायला निघाले आणि पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांनी आणि डेव्ह बेयर यांनी 1992 साली दाखवून दिलं, की 52 पत्ते नीट मिसळायला फर्रर्र रीतीने 7 वेळा पिसावे लागतात. एका हातातून दुसऱ्या हातात सोडण्याच्या सौम्य रीतीला तर हजारो फेऱ्या हव्यात. भाचीकडे येणारी माणसं तीनदा पिसतात आणि आशेने वर बघतात. म्हणजे गणिताच्या दृष्टीने तिथे कुणाचंच नशीब पुरतं मिसळलेलं नसतं. आधीच्याचं थोडं पुढच्याच्या वाट्याला येतं. एका बाईंच्या मुलाचा अडलेला व्हिसा आणि त्यांच्यामागून आलेल्या गृहस्थांची गुडघेदुखी, दोन्हींत तीच दोन पानं शेजारी शेजारी निघतात. मला यात गैर काही वाटत नाही. लोकलमध्येसुद्धा आपण आधीच्याच्या उबेवरच बसतो.

जाडीनंतर येते ती पानाची कांती, तिला हे लोक फिनिश म्हणतात. ग्लॉसचं पान रंगांना उठाव देतं, पण त्याला पाहुणचाराची फार हौस. खोलीतला प्रत्येक दिवा ते आत घेतं. चंद्राचं पान काढावं तर त्यात आधी ट्यूबलाइट उगवते. संन्याशाच्या हातातला कंदील दिसत नाही, कारण त्याच्या डोक्यावर छतातला एलईडी तेजोवलयासारखा बसलेला असतो; संन्यासी क्षणभर पदोन्नती मिळून संत झालेला वाटतो. मॅटचं पान अबोल. ते उजेड पिऊन टाकतं आणि हलक्या आवाजात बोलतं. त्याहून मऊ, मखमली लेपाचं एक पान असतं, ते हातात घेतल्यावर सोडवत नाही. पण त्याची स्मरणशक्ती भयंकर, कुणाच्या बोटाला किती तेल होतं हे ते महिनोन्‌महिने लक्षात ठेवतं. आणि मग लिनन: पानावर कापडासारखी बारीक वीण उमटवलेली. बायसिकल या जुन्या अमेरिकन पत्त्यांच्या पाकिटावर 'एअर कुशन फिनिश' असं छापलेलं असतं, ते याच जातीचं. पृष्ठभागावर बारीक बारीक खळगे, खळग्यांत हवा, आणि त्या हवेमुळे पानं एकमेकांना न चिकटता सरकतात. दोघांच्या मध्ये थोडी मोकळी जागा राहिली की दोघंही सुखाने नांदतात, हे पत्ते छापणाऱ्यांना एकत्र कुटुंबांच्या बरंच आधी कळलेलं दिसतं. सोनेरी कडांचा थाट आणखी वेगळा. नवीन असताना पानं कडेला एकमेकांना चिकटलेली असतात, एकेक सोडवावं लागतं, आणि प्रत्येक वेळी एक बारीकसा नाराजीचा आवाज येतो. पुढे काही दिवस वाचणारीच्या बोटांना सोनं लागत राहतं. समोरच्याला धनलाभ सांगताना तिची बोटं चमकत असतात. इतका हातावरचा पुरावा कुठल्या ज्योतिषाने दिल्याचं मी ऐकलेलं नाही.

हे सगळे आजच्या सुखवस्तू लोकांचे चोचले आहेत असं म्हणायची सोय नाही, कारण टॅरो जन्माला आला तोच श्रीमंताघरी. पंधराव्या शतकात मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा या ड्यूक घराण्यांसाठी रंगवलेला एक कॅट आज न्यूयॉर्कची मॉर्गन लायब्ररी, बेर्गामोची कारारा अकादमी आणि एक खासगी संग्रह यांत विखुरला आहे. पान 17 सेंटिमीटरहून उंच, जाड पुठ्ठ्याचं, वर सोन्याचा वर्ख. असा कॅट पिसायचा कसा, ही चिंता ड्यूकला पडली नसावी. पिसायला दुसरं कुणी असणं हेच तर ड्यूक होण्याचं सुख. पानांच्या वरच्या बाजूला भोकं आहेत, म्हणजे कधीतरी कुणीतरी ती भिंतीवर टोचून ठेवली आणि पिसण्याचा प्रश्न कायमचा सोडवला. आज या कॅटातली 74 पानं हाताशी आहेत. जी चार नाहीत त्यांत सैतान आहे आणि कोसळता बुरूज आहे. विद्वान याची वेगवेगळी कारणं देतात. मला त्यात घरातल्या कुणा समजूतदार वडीलधारीचा हात दिसतो.

मुळात हे पत्ते भविष्यासाठी नव्हतेच. तो हात जिंकायचा खेळ होता. एकवीस कायमचे हुकूम आणि एक विदूषक, बाकी राजा, राणी, सरदार, प्यादी. इटली आणि फ्रान्समधली माणसं तीनेकशे वर्षं त्यांच्यावर निवांत खेळत बसली. 1781 साली कूर द जेबलँ या फ्रेंच पंडिताने, यात प्राचीन इजिप्तचं ज्ञान दडलेलं आहे, असं लिहिलं आणि त्यानंतर पत्त्यांना गंभीर चेहरा करून बसणं भाग पडलं. मेंढीकोटाच्या डावात एकाएकी वेदान्त सापडल्यासारखंच ते झालं. पण पंडितांच्या शोधाची गरज नसलेलं एक गूढ त्या पत्त्यांत आधीपासून होतं, आणि ते कागदात होतं. त्या काळचे फ्रेंच कारागीर कागदाचे थर चिकटवून पान बनवत आणि मधला थर करड्या, हिणकस कागदाचा घालत, म्हणजे दिव्यासमोर धरलं तरी पलीकडचं चित्र दिसू नये. मग पानावर साबण फिरवून ते गारगोटीने घोटत, म्हणजे ते सरकावं. सगळी रहस्यविद्या या दोन गोष्टींवर उभी आहे: आरपार दिसू नये, आणि अडखळू नये. आजही चांगल्या पत्त्याच्या पोटात काळसर थर असतो. भविष्य अंधारात आहे असं आपण म्हणतो. तो अंधार कुणीतरी मुद्दाम, खळ लावून, आत बसवलेला असतो.

पत्ता दगडाने घोटण्याची ही रीत आपल्याकडे सावंतवाडीलाही होती. तिथल्या चिताऱ्यांचा गंजिफा गोल. कागदा-कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर पांढरा लेप द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचा, हाताने दशावतार रंगवायचे आणि लाखेचं रोगण चढवायचं. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण 120. विस्मरणात चाललेली ही कला राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी यांच्याकडून समजून घेऊन पुन्हा उभी केली, आणि आजही राजवाड्याच्या दरबारात कारागीर मांडी घालून मासे, कासवं, परशू रंगवताना दिसतात. या पत्त्यांना कोपरे नाहीत, म्हणजे दुमडायला काही नाही. उलटं-सुलटं नाही, म्हणजे टॅरोसारखं पान उलटं पडलं म्हणून कपाळाला हात लावायची वेळ नाही. दिवसा खेळायला बसलं तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने सुरुवात करायची, दिवेलागणीनंतर कृष्णाच्या राजाने. दोन अवतारांमध्ये पाळ्या इतक्या शहाणपणाने लावलेल्या मी दुसरीकडे पाहिलेल्या नाहीत. लाखेचा तो पत्ता बोटांना थंड लागतो आणि दुसऱ्यावर आपटला की टिचकीसारखा वाजतो. फर्रर्र पिसणं त्याच्या कुळाचाराला मंजूर नाही. ढीग पसरायचा आणि दोन्ही तळव्यांनी कालवायचा. मत्स्य, कूर्म, वराह, बुद्ध, सगळे एकमेकांच्या अंगावरून जातात आणि कुणाचंही बूड घासत नाही. कांती चांगली असली की देवांचंही जमतं.

आमच्या मुंबईला मात्र कुठलीच कांती पुरत नाही. जुलै लागला की घरातला कागद सादळतो. कागदाचे तंतू ओल पितात आणि लांबीपेक्षा रुंदीत जास्त फुगतात. लेप दोन्ही बाजूंना सारखा नसेल तर पान एका अंगाला वाकतं. मग गठ्ठ्याला पोट सुटतं आणि तो स्वतःच्याच पेटीत मावेनासा होतो. हे दुःख चाळिशीनंतर सर्वांनाच समजतं. भाचीच्या एका आवडत्या कॅटात नेमका संन्यासी वाकला. वाकलेलं पान गठ्ठ्यात फट धरून राहतं. कुणीही मध्येच पत्ते काटले की बोट तिथेच थबकतं. जादूगार हीच युक्ती मुद्दाम करतात. इथे ती ढगांनी केली. तो सगळा पावसाळा येणाऱ्या प्रत्येकाला संन्यासी निघत राहिला आणि भाची प्रत्येकाला सांगत राहिली, की तुम्हाला थोड्या एकांताची गरज आहे, काही काळ माणसांपासून दूर राहून बघा. छत्र्या निथळवत, ट्रेनमधून चेंगरून आलेली ती माणसं सद्गदित होत. इतकं अचूक आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, असं म्हणून जात. ऑक्टोबरात ऊन पडलं, संन्यासी सरळ झाला, गर्दीत मिसळला आणि दिसेनासा झाला. मुंबईकरांचा एकांत त्याच्याबरोबर गेला.

जाड पानाची मला खरी ओळख आजोळी, मे महिन्यात झाली. ओटीवरच्या कोनाड्यात एक कॅट असे. पिढ्यांच्या घामाने त्याची पानं इतकी मऊ झाली होती की ती पडताना आवाजच येत नसे. फार चिकटायला लागली की मामा त्यांच्यावर कॅरमची पावडर भुरभुरवायचा. त्यातली बदामाची सत्ती कधीच हरवली होती. तिच्या जागी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा तुकडा कापून त्यावर लाल शाईने सात बदाम काढलेले. मागच्या बाजूला गणपतीची सोंड आणि 'आमच्या येथे श्री'पर्यंतचा मजकूर. बदाम सात खेळताना तिची काही अडचण नव्हती. ज्या पानाने डाव सुरू व्हायचा तेच हे पान. सगळ्या पत्त्यांत लपायचं कारण नसलेलं असं एकच, आणि नियतीने नेमकं तेच हरवलं होतं. पंचाईत व्हायची मेंढीकोटात. आजी बंद हुकूम ठेवायची तो हटकून तिच्या हातातला तोच जाड तुकडा, पालथा. आणि चटईवर गणपती मंद हसत पडलेला. हुकूम कोणता हे सगळ्यांना दिसत असे. तरी शेजारच्या पानांवर नजर खिळवून, भुवया आक्रसून, "काय असेल बरं?" असं थोरली माणसं म्हणत राहायची, आणि वेळ आल्यावर हुकूम उघडला की "अरेच्चा, बदाम!" म्हणून सगळे चकित व्हायचे. आजीला वाटे आपण फार पोचलेल्या खेळाडू आहोत. रहस्य टिकवायला करडा कागद लागतोच असं नाही. समोरच्यांचं प्रेम पुरेसं जाड असलं तरी काम भागतं.

आज जगात सर्वांत जास्त ओळखली जाणारी टॅरोची चित्रं पामेला कोलमन स्मिथ हिने काढलेली आहेत. आर्थर एडवर्ड वेट यांच्या सांगण्यावरून तिने हे काम केलं आणि 1909 साली लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनसंस्थेने तो कॅट प्रसिद्ध केला. एवढ्या मोठ्या कामाचे पैसे अगदीच किरकोळ मिळाले, असं तिने आपल्या एका मित्राला पत्रात कळवलं होतं. 1951 साली कॉर्नवॉलमध्ये ती गेली तेव्हा गाठीशी काही नव्हतं. तिची चित्रं मग कुठल्या कुठल्या कागदांवर छापली गेली: चकचकीत, मखमली, सोनेरी कडांची, पत्र्याच्या डबीतली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तिची वेलीसारखी वळलेली सही आहे. काही शौकीन पानांचे पांढरे काठ कात्रीने कापून टाकतात, त्याने चित्र मोकळं वाटतं म्हणतात. कापताना कात्री त्या सहीपाशी आली की ते श्वास रोखतात. भविष्य किंचित छाटलं गेलं तरी चालतं, पामेलाची सही तुटता कामा नये. ज्याने कुणी हा संकेत पाळला त्याच्याबद्दल मला माहीत नसताना आदर वाटतो.

जाड कॅटांबद्दलच्या भाचीच्या त्या नावडीचा उलगडा तिच्याकडे बसून बसून होत गेला. तिच्याकडे येणारी माणसं पुष्कळदा सत्तरीच्या आसपासची असतात. मुलं लांब, गुडघे जवळ. बोटांची पेरं सुजलेली असतात आणि हात रिकामे राहायची सवय नसल्यामुळे पर्सचा बंद, मोबाइल, रुमालाचं टोक असं काहीतरी घट्ट धरून ती बसलेली असतात. भाची काही न विचारता कॅट पुढे करते. "पिसा, काकू. घाई नाही." जाड कॅट असेल तर काकूंच्या हातून तो निसटतो, पानं जमिनीवर विखुरतात, आणि भविष्याआधी वयाची आठवण होते. म्हणून तिला पातळ पानं हवीत, सुजलेल्या बोटांतही वाकणारी. आणि मॅट हवीत, म्हणजे चष्म्यातून पाहणाऱ्याला दिवा न दिसता चित्र दिसेल. पहिली काही मिनिटं हात चाचरतात. मग कुठल्याशा जुन्या उन्हाळ्याची लय सापडते, खांदे खाली येतात, आणि विचारायचा प्रश्न आपोआप बदलायला लागतो. "मुलगा परत येईल का?" हा प्रश्न घेऊन आलेल्या एक काकू पिसता पिसता मुलाला रमी कशी शिकवली ते सांगू लागल्या, तो पत्ते लपवायचा आणि पकडला गेला की कसा हसायचा तेही. बराच वेळ झाल्यावर भाचीने विचारलं, "काढायचं का पान?" काकू म्हणाल्या, "राहू दे गं, अजून थोडं पिसते." अशा वेळी भाची घड्याळाकडे बघत नाही. पान उलटण्याचे पैसे ती रीतसर घेते. पिसण्याचे काही नाहीत.